जातोदक अवस्थेतील हिपॅटायटिस ‘बी’ जन्य यकृद्विकार आणि विषाणुरोधी चिकित्सा



जुनाट यकृद्विकाराचा रुग्ण आपल्याकडे येतो तेव्हा त्याच्या हाती बहुधा दोन पिशव्या असतात. एकीत रक्ताचे व सोनोग्राफीचे अहवाल असतात, दुसरीत गोळ्यांच्या स्ट्रिप्स असतात. पहिली पिशवी आपण उत्सुकतेने उघडतो. दुसरीकडे मात्र ‘ही आधुनिक औषधे, ती त्यांची त्यांना ठाऊक’ असे म्हणून पाहत नाही. प्रस्तुत लेख त्या दुसऱ्या पिशवीविषयी आहे. त्यातील एक लहानशी गोळी आपल्या सांगण्याने, किंवा आपण काहीच न सांगितल्याने, बंद झाली तर काय होते हे आम्ही स्वतः पाहिले आहे. म्हणून प्रथम तो प्रसंग सांगतो.

इ. स. २०१२ मधील गोष्ट आहे. व्यवसायास आठेक वर्षे झाली होती आणि कामला, यकृद्वृद्धी यांच्या रुग्णांत आमचे थोडेफार नाव होऊ लागले होते. सुमारे ५२ वर्षांचे एक शेतकरी गृहस्थ आमच्याकडे आले. हिपॅटायटिस ‘बी’मुळे सिऱ्होसिस झालेला, दोन वर्षांपूर्वी पोटातील पाणी दोनदा काढलेले. एन्टेकाविर नावाची गोळी सुरू केल्यापासून पाणी उतरले, भूक लागली, ते शेतावरही जाऊ लागले. अहवालात विषाणूची संख्या ‘आढळली नाही’ अशी होती. एस.जी.पी.टी. प्राकृत होते. त्यांनी विचारले, “वैद्यराज, विषाणू गेला म्हणतात, मग ही महागाची गोळी आणखी किती दिवस?” आम्ही अहवाल पाहिले आणि म्हणालो, “अहवाल उत्तम आहेत. आता आपल्या औषधांवर पाहू.” गोळी बंद करा असे शब्द आम्ही उच्चारले नाहीत, परंतु त्यांनी तोच अर्थ घेतला आणि तो चुकीचा घेतला असे आम्ही म्हणू शकत नाही.

सहा महिने सर्व ठीक चालले. दरमहा ते येत, वजन स्थिर, भूक चांगली. आमचाही आत्मविश्वास वाढला. सातव्या महिन्यात त्यांना जीपमधून आणले. डोळे हळदीसारखे पिवळे, पोट मृदंगासारखे ताणलेले, बोलणे असंबद्ध. बिलिरुबिन १४, आय.एन.आर. २.६, एस.जी.पी.टी. ९०० च्या वर. त्याच दिवशी पुण्यास पाठविले. तेथे गोळी पुन्हा सुरू झाली, परंतु नवव्या दिवशी ते गेले. महिन्याभराने त्यांचा मुलगा आला. त्याच्या हातात न फोडलेल्या चार स्ट्रिप्स होत्या. म्हणाला, “डॉक्टरसाहेब, आण्णांच्या या गोळ्या उरल्यात. दुसऱ्या कुणाला उपयोगी पडतील का?” त्याने दोषारोप केला नाही. कदाचित त्याला या दोन गोष्टींचा संबंध ठाऊकही नसावा. आम्हाला तोवर तो कळला होता.

विषाणू ‘आढळला नाही’ म्हणजे काय?

येथेच आपल्यापैकी अनेकांची गफलत होते. हिपॅटायटिस ‘बी’चा विषाणू यकृताच्या पेशीत शिरल्यावर आपला एक मूळ साचा पेशीच्या केंद्रात ठेवून देतो. या साच्यावरून नव्या प्रती निघत राहतात. एन्टेकाविर, टेनोफोविर यांसारखी औषधे प्रती काढण्याचे काम थांबवितात, कारण ती विषाणूच्या पॉलिमरेज या विकराला अडवितात. मूळ साच्याला मात्र ती हात लावत नाहीत. म्हणजे छापखाना बंद पडलेला असतो, ठसे मात्र जागेवरच असतात. औषध थांबले की काही आठवड्यांत किंवा महिन्यांत छपाई पुन्हा सुरू होते. शरीराची प्रतिकारशक्ती अचानक वाढलेल्या विषाणूवर तुटून पडते आणि त्या झटापटीत यकृताच्या पेशी मोठ्या संख्येने मरतात. निरोगी यकृत असा आघात एखादे वेळी सोसते. ज्याचे यकृत आधीच दगडासारखे झाले आहे, त्याच्याजवळ सोसायला काही शिल्लक नसते.

यात आणखी एक फसवी बाब आहे. टेनोफोविर थांबविल्यास उद्रेक तुलनेने लवकर, बहुधा पहिल्या तीनेक महिन्यांत होतो. एन्टेकाविरनंतर तो पुष्कळदा अर्ध्या वर्षानंतर येतो. मधल्या शांत काळाचे श्रेय वैद्य आपल्या कल्पाला देऊन बसतो. आम्ही दिले होते.

जातोदक म्हणजे कोणती अवस्था?

चरकाचार्यांनी उदररोगाच्या चिकित्सेत अजातोदक आणि जातोदक असा भेद केला आहे. उपेक्षा झालेले सर्व उदर शेवटी जलाकडे जातात असेही त्यांचे निरीक्षण आहे. आधुनिक शास्त्रातील कॉम्पेन्सेटेड व डीकॉम्पेन्सेटेड सिऱ्होसिस हा भेद याच्याशी पूर्णपणे जुळत नाही, परंतु विचार समजण्यास ही चौकट उपयोगी पडते. पोटात पाणी होणे, अन्ननलिकेतील फुगलेल्या शिरांतून रक्तस्राव होणे, यकृद्विकारामुळे भ्रम व तंद्रा येणे, कामला वाढत जाणे, यांपैकी एकही घडले की यकृताची भरपाई करण्याची शक्ती संपली असे समजावे. मग सोनोग्राफीत यकृत ‘थोडे खडबडीत’ एवढेच का लिहिलेले असेना.

अवस्थेचे गांभीर्य मोजण्यास चाइल्ड-प्यू गुणांकन सोपे आहे. बिलिरुबिन, अल्ब्युमिन, आय.एन.आर., जलोदर आणि तंद्रा या पाच गोष्टींना प्रत्येकी १ ते ३ गुण दिले जातात. बेरीज ५-६ आली तर ‘ए’, ७ ते ९ ‘बी’, १० ते १५ ‘सी’. अल्ब्युमिन २.८ च्या खाली, बिलिरुबिन ३ च्या वर किंवा आय.एन.आर. २.३ च्या वर असेल तर त्या त्या बाबीला ३ गुण. ही बेरीज प्रत्येक वैद्याने केसपेपरवर मांडावी, असा आमचा आग्रह आहे. दोन मिनिटांचे काम आहे.

एस.जी.पी.टी.वर मात्र भिस्त ठेवू नये. पुढच्या अवस्थेत मरायला पेशीच थोड्या उरतात, त्यामुळे एस.जी.पी.टी. ४० असूनही रुग्ण ‘सी’ गटात असू शकतो. बाजारातील अनेक यकृत-कल्पांची जाहिरात याच आकड्यावर उभी आहे, हे आपण सर्व जाणतोच.

विषाणुरोधी औषध केव्हा व कोणते?

जातोदक अवस्थेत नियम साधा आहे. रक्तात हिपॅटायटिस ‘बी’चा विषाणू थोडाही मोजता आला, तर संख्या किती याची वाट न पाहता औषध त्वरित सुरू करावयाचे आणि जन्मभर चालू ठेवावयाचे. २०१७ मधील युरोपीय यकृत संघटनेची मार्गदर्शक तत्त्वे हेच सांगतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ मधील तत्त्वांतही सिऱ्होसिस असलेल्या प्रौढांना विषाणूची संख्या कितीही असली तरी उपचार द्यावेत असे म्हटले आहे. ‘संख्या दोन हजारांच्या खाली आहे, सध्या नको’ हा विचार सिऱ्होसिस नसलेल्या रुग्णासाठी आहे, हे विसरू नये.

हे ज्ञान टप्प्याटप्प्याने आले. लॅमिव्ह्युडिन १९९८ मध्ये या रोगासाठी उपलब्ध झाले. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, आशियातील ६५१ रुग्णांवरील चाचणीत प्रगत फायब्रोसिस किंवा सिऱ्होसिस असलेल्यांना ते देऊन पाहिले गेले. रोग पुढे सरकण्याचे प्रमाण औषध घेणाऱ्यांत ७.८ टक्के, तर न घेणाऱ्यांत १७.७ टक्के आढळले आणि चाचणी मुदतीआधीच थांबविण्यात आली. परंतु त्याच चाचणीत औषध घेणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्म्या रुग्णांत विषाणूने औषधाला न जुमानणारे रूप धारण केले आणि त्या रुग्णांचा लाभ घटला. म्हणूनच आज एकटे लॅमिव्ह्युडिन या रोगात वापरू नये. २००५ पासून एन्टेकाविर आणि २००८ पासून टेनोफोविर या रोगात वापरात आली. नव्या रुग्णांत या दोहोंना प्रतिरोध क्वचितच निर्माण होतो. इंटरफेरॉनची इंजेक्शने या अवस्थेत निषिद्ध आहेत, त्यांनी यकृत पूर्ण कोसळू शकते.

लाभ किती होतो? कोरियातील ७०७ जातोदक रुग्णांचा २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आम्हाला फार बोलका वाटतो. पाच वर्षांनंतर यकृत-प्रत्यारोपणाशिवाय जिवंत असलेल्यांचे प्रमाण औषध घेणाऱ्यांत ५९.७ टक्के होते, न घेणाऱ्यांत ४६ टक्के. हा फरक लहान नाही, आणि चमत्कारही नाही. औषधाला परिणाम दाखविण्यास तीन ते सहा महिने लागतात. ज्यांचे बिलिरुबिन व क्रिएटिनिन आरंभीच फार वाढलेले असते, त्यांपैकी काही जण हा काळ ओलांडू शकत नाहीत. अशांना गोळी सुरू करतानाच प्रत्यारोपण केंद्राकडे पाठवावे लागते. जे पहिले सहा महिने निभावतात, त्यांपैकी अनेकांचे पाणी उतरते, अल्ब्युमिन वाढते, काहींना प्रत्यारोपणाची गरजही उरत नाही. २०१३ मधील टेनोफोविरच्या एका अभ्यासात सिऱ्होसिस असलेल्या ९६ रुग्णांच्या यकृताचा तुकडा पाच वर्षांनी पुन्हा तपासला, तेव्हा ७१ जणांत सिऱ्होसिसची रचना उरलेली नव्हती. ते रुग्ण जातोदक नव्हते, हे लक्षात ठेवूनच हा आकडा सांगावा. तरीही ‘एकदा घट्ट झालेले यकृत कधीच मऊ होत नाही’ असे आम्ही विद्यार्थिदशेत घोकले होते, ते सोडून देण्यास एवढे पुरेसे आहे.

मात्रेविषयी थोडेसे. जातोदक अवस्थेत, किंवा पूर्वी लॅमिव्ह्युडिन घेऊन ते निष्फळ झालेले असल्यास, एन्टेकाविर ०.५ ऐवजी १ मि.ग्रॅ. देतात. लॅमिव्ह्युडिन निष्फळ झाले असल्यास मात्र तज्ज्ञ टेनोफोविरच पसंत करतात. टेनोफोविर डायसोप्रॉक्सिलची मात्रा ३०० मि.ग्रॅ. आहे, टेनोफोविर अलाफेनामाइडची २५. वृक्क क्षीण असल्यास मात्रा किंवा मात्रांमधील अंतर बदलावे लागते. औषध सुरू करण्यापूर्वी एच.आय.व्ही.ची तपासणी आवश्यक असते, कारण हीच औषधे त्या रोगातही काम करतात आणि एकटे दिल्यास तेथे प्रतिरोध निर्माण होतो. निवड आणि मात्रा हे यकृत-तज्ज्ञाचे काम आहे. आपण ती जाणून घ्यावयाची ती रुग्णाच्या हातून चूक होऊ नये म्हणून.

एक उदाहरण देतो. एन्टेकाविर रिकाम्या पोटी, म्हणजे जेवणानंतर दोन तासांनी आणि पुढील खाण्याच्या दोन तास आधी घ्यावयाचे असते. रुग्ण ते रात्री झोपताना घेतो. इकडे सिऱ्होसिसमध्ये रात्री झोपण्यापूर्वी थोडे खाणे आवश्यक असते, कारण अशा यकृतात साखरेचा साठा उरत नाही आणि रात्रभराच्या उपवासात शरीर स्वतःचे मांस जाळू लागते. मग रुग्ण एकतर खाणे सोडतो, नाहीतर गोळी दुधाबरोबर घेतो. आम्ही दुपारचे जेवण एकला, गोळी चारला आणि पुढचे खाणे सहाला असे लिहून देतो. काढा किंवा चूर्ण त्या वेळेच्या आसपास ठेवत नाही.

आपल्या औषधांविषयी

भुईआवळीपासून सुरुवात करणे भाग आहे. १९८८ मध्ये मद्रासच्या त्यागराजन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये निबंध प्रसिद्ध केला. हिपॅटायटिस ‘बी’चा शोध लावणारे, १९७६ चे नोबेल मानकरी बारूक ब्लुम्बर्ग हेही त्याच्या लेखकांत होते. भुईआवळीचे चूर्ण महिनाभर दिलेल्या ३७ वाहकांपैकी २२ जणांच्या रक्तातील पृष्ठ-प्रतिजन नाहीसे झाले, असे त्यात म्हटले होते. आपल्या परिषदांतून हा निबंध आजही उद्धृत होतो. पुढे थायलंड व इतर देशांत झालेल्या चाचण्यांत मात्र तसा परिणाम मिळाला नाही, आणि २०११ मधील कोक्रेन समीक्षेने भुईआवळीचा लाभ सिद्ध होत नाही असाच निष्कर्ष काढला. भुईआवळी आम्ही अरुची, दाह यांसाठी वापरतो व वापरत राहू. विषाणुरोधी गोळीच्या जागी मात्र तिला ठेवता येत नाही. ठेवणारा वैद्य १९८८ चा निबंध वाचून पुढचे वाचायचे थांबला आहे.

जातोदक अवस्थेत आपल्या नित्याच्या कल्पांपैकी काही थेट अपाय करतात. रोहितकारिष्ट, कुमारी आसव, पुनर्नवासव ही यकृत-प्लीहेच्या विकारात हाताशी असलेली औषधे आहेत. आसव-अरिष्टांत स्वयंजनित मद्यार्क साधारणतः ५ ते १० टक्के असतो. दिवसाला ६० मि.लि. दिल्यास ४-५ मि.लि. मद्यार्क पोटात जातो. मात्रा थोडी खरी, परंतु या यकृताला मद्यार्काची सुरक्षित मात्रा नाही, आणि दारू सोडलेल्या रुग्णाला तर त्याची चवही पुरेशी असते. त्याऐवजी काढा किंवा घनवटी वापरावी.

यष्टिमधु आपण अम्लपित्ताला सहज देतो. ज्येष्ठमधाने शरीरात लवण व पाणी साठते आणि पोटॅशियम कमी होते. म्हणजे जलोदरात दिल्या जाणाऱ्या स्पायरोनोलॅक्टोनच्या नेमके विरुद्ध काम होते. पुनर्नवा आणि यवक्षार यांत पोटॅशियम भरपूर असते. ते स्पायरोनोलॅक्टोनबरोबर दिल्यास पोटॅशियम धोकादायक पातळीपर्यंत चढू शकते, विशेषतः वृक्क मंदावले असताना. लवणभास्कर, शंखवटी यांतील लवण तर उघडच आहे. बाकुची आणि गुळवेल यांमुळे यकृतास इजा झाल्याचे रुग्ण वैद्यकीय नियतकालिकांत नोंदले गेले आहेत. गुळवेलीसंबंधी मुंबईतील सहा रुग्णांचा अहवाल २०२१ मध्ये आला, तेव्हा आयुष मंत्रालयाने वनस्पतीची ओळख नीट पटविलेली नाही असा आक्षेप घेतला होता. तो वाद येथे सोडवावयाचा नाही. ज्या यकृतात राखीव शक्ती शून्य आहे, त्यात संशयास्पद द्रव्य न देणे हे कोणत्याही पक्षाच्या वैद्याला मान्य व्हावे. ताम्रभस्म व पारद असलेली आरोग्यवर्धिनी याच कारणास्तव आम्ही या अवस्थेत देत नाही. टेनोफोविर डायसोप्रॉक्सिल स्वतःच वृक्कावर भार टाकते, तेथे पारदकल्पांची भर नको.

लोह आणि मंडूर यांचे कल्प दिल्याने मल काळा होतो. रक्तस्रावानेही मल काळा, डांबरासारखा होतो. पांडुता दिसली म्हणून मंडूरभस्म सुरू केले आणि तीन दिवस काळा मल ‘औषधाचा’ समजून घालविले, असा रुग्ण आमच्या एका स्नेही वैद्यांकडे झाला. सुदैवाने तो वाचला.

शोधनाविषयी स्पष्ट लिहितो. अन्ननलिकेतील शिरा फुगलेल्या असताना वमन देणे म्हणजे रक्ताच्या उलटीला आमंत्रण आहे. नित्य विरेचन ही उदररोगाची शास्त्रोक्त चिकित्सा खरी, परंतु जयपालयुक्त तीव्र विरेचनाने पाणी व क्षार झपाट्याने निघून जातात, वृक्क बंद पडते आणि रुग्ण तंद्रेत जातो. याउलट दिवसातून दोन-तीन मऊ मलप्रवृत्ती होतील इतके मृदु अनुलोमन हितकर आहे. आधुनिक वैद्य लॅक्ट्युलोज देऊन तेच साधतात. जलौकावचरण आणि सिरावेध रक्त गोठण्याची शक्ती क्षीण असताना करूच नयेत.

जलोदरातील पाणी काढण्यासंबंधी सुश्रुताचार्यांनी सर्व पाणी एकाच दिवशी काढू नये असे बजावले आहे. आज पाच लिटरपेक्षा अधिक पाणी काढताना शिरेतून अल्ब्युमिन देतात. एकदम पाणी काढल्याने होणाऱ्या अपायाची चिंता दोन्हीकडे दिसते. हे काम रुग्णालयातच व्हावे.

पथ्य

चरकाचार्यांनी उदररोग्यास लवण वर्ज्य सांगितले, त्यात आजही बदल करावा लागत नाही. दिवसाला एकूण ५ ग्रॅम मीठ, म्हणजे सपाट एक चमचा. त्यात भाकरीतले, आमटीतले, सगळे आले. लोणचे, पापड, ठेचा, खारे शेंगदाणे पूर्ण बंद. ‘सैंधव चालते’ हा समज घरोघरी आहे, तो प्रत्येक भेटीत खोडावा लागतो. पाणी मात्र सोडियम फार उतरले नसेल तर तोडण्याची गरज नसते.

लंघनाविषयी मात्र परंपरेपेक्षा वेगळे सांगावे लागते. कावीळ म्हटली की आपल्याकडे उसाचा रस, लाह्या आणि ताकभात यांवर रुग्णाला आठवडेच्या आठवडे ठेवतात. या अवस्थेत मांसक्षय आधीच झालेला असतो. हात-पाय काड्यांसारखे आणि पोट मोठे, हे चित्र कोणी पाहिलेले नाही? दर किलो वजनास १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने द्यावीत. मुगाचे वरण, दूध, ताजे ताक, पनीर, चालत असल्यास अंडे. तंद्रा आली म्हणून प्रथिने बंद करण्याची जुनी पद्धत आधुनिक वैद्यकानेही सोडली आहे. रोज सकाळी वजन करून वहीत लिहावे. पाण्याच्या गोळ्या चालू असताना पायावर सूज नसेल तर रोज अर्ध्या किलोपेक्षा अधिक घट होऊ देऊ नये.

औषधविक्रेत्या बंधूंसाठी

आपल्या संघटनेचे अनेक सभासद औषधालये चालवितात, म्हणून हा भाग मुद्दाम जोडला आहे. काउंटरवरील माणूस रुग्णाला वैद्यापेक्षा अधिक वेळा भेटतो.

एन्टेकाविर अथवा टेनोफोविर संपल्यावर ‘पुढच्या आठवड्यात येईल’ हे उत्तर या रुग्णासाठी धोक्याचे आहे. ज्यांचे नियमित गिऱ्हाईक आहे, त्यांच्यासाठी किमान एक महिन्याचा साठा वेगळा ठेवावा आणि तारखेची नोंद करावी. गिऱ्हाईक ठरल्या तारखेस आले नाही तर दूरध्वनी करावा. एन्टेकाविर ०.५ आणि १ मि.ग्रॅ. यांची, तसेच टेनोफोविरच्या ३०० आणि २५ च्या गोळ्यांची परस्पर अदलाबदल करू नये. स्वस्त पडते म्हणून लॅमिव्ह्युडिन तर मुळीच देऊ नये. टेनोफोविर एच.आय.व्ही.मध्येही वापरतात. त्यावरून काउंटरवर चार लोकांत काढलेला एक शब्द रुग्णाला पुन्हा दुकानात येऊ देत नाही, आणि गोळी तेथेच तुटते. आमच्या माहितीतील एक रुग्ण याच कारणाने तालुक्याच्या गावी जाऊन औषध आणीत असे, पावसाळ्यात त्याचे जाणे चुकले.

डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, अॅसिक्लोफिनॅक या वेदनाशामकांनी जलोदराच्या रुग्णाचे वृक्क दोन-तीन दिवसांत बंद पडू शकते. अंगदुखीसाठी वैद्याच्या सल्ल्याने पॅरासिटामॉल, तेही दिवसात २ ग्रॅमच्या आत. निनावी ‘संधिवाताच्या पुड्या’ विकूच नयेत. त्यांत कित्येकदा स्टेरॉइड मिसळलेले असते, आणि स्टेरॉइडने हा विषाणू उसळतो.

पैशाअभावी गोळी सोडणाऱ्यांना सांगण्यासारखी एक गोष्ट आहे. केंद्र शासनाचा राष्ट्रीय विषाणुजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम २८ जुलै २०१८ रोजी सुरू झाला. त्यात तपासण्या आणि विषाणुरोधी औषधे विनामूल्य मिळतात. जिल्हा रुग्णालयात किंवा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करावी. आमच्या त्या शेतकऱ्याच्या वेळी हा कार्यक्रम नव्हता.

काय पाहावे, केव्हा पाठवावे

गोळी चालू असताना दर तीन महिन्यांनी बिलिरुबिन, अल्ब्युमिन, आय.एन.आर., क्रिएटिनिन, सोडियम, पोटॅशियम व रक्तकण गणना, आणि तीन ते सहा महिन्यांनी विषाणूची संख्या पाहिली जाते. संख्या शून्यवत झाली तरी यकृताच्या कर्करोगाचा धोका कमी होतो, संपत नाही. म्हणून दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि ए.एफ.पी. चालू ठेवावी. हे पुष्कळ जण विसरतात.

रक्ताची उलटी, डांबरासारखा मल, ज्वरासह पोटदुखी, मूत्र कमी होणे, दिवसा झोप व रात्री जागरण, पुढे धरलेल्या पंजांचे फडफडणे, यांपैकी काहीही दिसल्यास आपले औषध देत बसू नये, त्याच तासाला रुग्णालयात पाठवावे. झोपेच्या उलटापालटीबद्दल रुग्णाला विचारून उपयोग नसतो, त्याच्या पत्नीला किंवा सुनेला विचारावे. एन्टेकाविर घेणाऱ्या अतिगंभीर रुग्णात जोरजोरात श्वास, उलट्या, ग्लानी आल्यास रक्तातील लॅक्टिक आम्ल वाढल्याची शंका घ्यावी.

असाध्यप्राय उदरात धाडसी चिकित्सा करण्यापूर्वी वैद्याने रुग्णाचे नातलग व सुहृद यांना संशय स्पष्ट सांगून त्यांची अनुज्ञा घ्यावी, असे चरकसंहितेत सांगितले आहे. आम्ही आता अशा प्रत्येक रुग्णाच्या घरच्या एका माणसाला बोलावून दोन गोष्टी त्याच्यासमोर केसपेपरवर लिहितो : विषाणुरोधी गोळीचे नाव, आणि ‘ही गोळी यकृत-तज्ज्ञांच्या लेखी सल्ल्याशिवाय कोणीही बंद करावयाची नाही, आम्हीसुद्धा’. खाली त्याची सही घेतो. त्याच वेळी घरातील सर्वांची पृष्ठ-प्रतिजनाची तपासणी करून घेण्यास सांगतो आणि ज्यांना बाधा नाही व प्रतिकारक्षमताही नाही त्यांना लस. त्या शेतकऱ्याच्या मुलाची तपासणी आम्ही तो स्ट्रिप्स घेऊन आला त्या दिवशी केली. तो बाधित निघाला. सिऱ्होसिस नव्हता, परंतु विषाणूची संख्या व एस.जी.पी.टी. वाढलेले होते. तज्ज्ञांनी त्याला टेनोफोविर सुरू केले. तो आजही दर तीन महिन्यांनी अहवाल घेऊन येतो, आणि आम्ही आधी दुसरी पिशवी उघडतो.